काट्यावर मी हलकी भरले

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे, आणि मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही. विजेचा धक्का नव्हे हो, विजेचं आम्हाला काय कौतुक! हा धक्का आधी माणसांनी दिला आणि मग माझा मीच खाल्ला. कसा, तेच सांगायला बसले आहे.

केबल म्हटलं की तुम्हाला टीव्हीमागे लोंबणारी धुळकट काळी दोरी आठवत असेल. ती माझी चुलत बहीण. दिसायला आम्ही सारख्या, पण घराणी वेगळी. माझं काम रेडिओपासून अँटेनापर्यंत आवाज पोचवायचा आणि बाहेरचा आवाज आत आणायचा. माझ्या पोटात मधोमध तांब्याची तार आहे. तिच्याभोवती पांढऱ्या पॉलिथिनचा थर, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि सगळ्यात वर काळ्या प्लॅस्टिकचा झगा. मधल्या तारेने जाळीला कधीही शिवायचं नाही, हा आमच्या घराण्याचा कडक नियम. पांढरा थर मध्ये उभा आहे तोवर सगळं आबादीआबाद. दोघी एकमेकींना शिवल्या की रेडिओ एकाच वेळी मुका आणि बहिरा!

जन्मतःच मी पहिल्यांदा हादरले. कारखान्यात माझ्या तारेवर वितळलेलं कढत पॉलिथिन ओतलं, आणि लगेच गार पाण्यात बुडवलं. अगं बाई गं! नवजात जिवाला कोणी असं वागवतं का? मग चोवीस फिरक्या माझ्याभोवती गरगर फिरून जाळी विणू लागल्या. सगळं होऊन मी लाकडी रिळावर बसले तेव्हा मला वाटलं, भोगायचं ते भोगून झालं. किती भोळी होते मी!

रिळावरून मी गेले ती दादाच्या हाती. दादा बंदरावर बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचा. माणूस तोंडाचा फटकळ, पण हात असा हलका की स्क्रूसुद्धा त्याच्यापुढे कुरकुर करत नसे. त्याने मला कार्यशाळेच्या छपरावरच्या खांबाला बांधलं. ऊन, वारा, खारी हवा, सगळं अंगावर घेत मी तिथे उभी राहिले. एका वादळात समुद्रात अडकलेल्या बोटीचा आवाज माझ्यातूनच आत आला, आणि बोटीवरचे सहा जण सुखरूप किनाऱ्याला लागले. त्या दिवशी दादा छपरावर चढला आणि माझ्यावरून हात फिरवून म्हणाला, "गुणाची आहेस बाई!" मित्रांनो, एवढं कौतुक झाल्यावर कोणाचं डोकं फिरणार नाही? माझं फिरलं.

पुढे दादा निवृत्त झाला. निघताना त्याने मला खांबावरून सोडवलं, उन्हाने कडक झालेली टोकं कापून टाकली आणि मधला धडधाकट तीन मीटरचा भाग गुंडाळून घरी नेला. तीच मी. दारामागच्या खिळ्यावर, छत्रीच्या शेजारी, मी अकरा वर्षं लटकत राहिले. छत्री तरी अधूनमधून बाहेर जायची. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. ज्याने गुणाची म्हटलं तोही नाही! मी मनातल्या मनात फार रडले. एकदा, फक्त एकदा मला कोणीतरी निवडावं, एवढंच माझं मागणं होतं.

आणि ते ऐकलं गेलं. तेच तर दुर्दैव!

दादाची धाकटी बहीण दातांची डॉक्टर. पन्नाशी उलटून गेली, पण दादासाठी ती अजून बारकीच. ही बारकी दवाखान्यामागच्या शेडमध्ये सहा वर्षं विमान बांधत होती. खेळण्यातलं नव्हे. दोन माणसं बसतील असं, खरोखर उडणारं! मी ऐकलं तेव्हा थक्कच झाले. दात काढणाऱ्या बाईने विमान बांधायचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे?

बारकीची एक रीत होती. तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा शेडमध्ये आणून ठेवला होता, आणि विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्या काट्यावर चढायची. स्क्रू काट्यावर, सीटची उशी काट्यावर. एकदा रंगाचा थर जास्त झाला म्हणून तिने दोन दिवस घासून पाव किलो रंग उतरवला. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरी केक बसतो आणि विमान उठतं, कारण काटा तिकडे असतो."

विमानात रेडिओ लावायची वेळ आली, तशी दादाने मला खिळ्यावरून उतरवलं आणि पिशवीत घालून शेडमध्ये आणलं. टेबलावर आधीच एक केबल येऊन बसली होती. तपकिरी, गुळगुळीत, जाडीला माझ्याएवढीच. पण अंगावर एकाऐवजी दोन जाळ्या, त्याही चांदीचा मुलामा दिलेल्या! काय तो तोरा! मला ती बघताक्षणी आवडली नाही.

"ही कशाला आणलीस बारके?" दादा म्हणाला. "घरात सोन्यासारखी केबल असताना? ही घे. वादळात टिकलेली आहे."

"दादा, अरे पुस्तकात असं लिहिलंय की विमानात..."

"पुस्तक लिहिणारा कधी खांबावर चढलाय का? चाळीस वर्षं मी हेच केलं. एक केबल माझ्या हातची फसली नाही."

बारकी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दादाचा चेहरा असा फुलला होता की अकरा वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मग तिने आम्हा दोघींना आळीपाळीने काट्यावर ठेवलं. तपकिरी भरली दोनशे वीस ग्रॅम. मी भरले एकशे वीस.

"शंभर ग्रॅम वाचले," बारकी म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली.

मी निवडले गेले! मित्रांनो, मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. शंभर ग्रॅम म्हणजे साबणाची एक वडी. साबणाच्या वडीएवढ्या फरकाने मी त्या तोरेवालीला हरवलं, आणि का हरवलं याचा विचारसुद्धा मला शिवला नाही. तपकिरी बाई गुपचूप खोक्यात गेली.

माझी दोन्ही टोकं दादाने स्वतः बसवली. "पक्कड मला दे, दात उपटणाऱ्यांचा हा धंदाच आहे," बारकी म्हणाली, तर त्याने तिला हाताने बाजूला सारलं. रेडिओपासून विमानाच्या पोटाखालच्या अँटेनापर्यंत मला जायचं होतं. वाट अरुंद. एका कोपऱ्यावर मला काटकोनात मोडून वळवलं, आणि तिथेच शेजारच्या जाड नळीला घट्ट बांधलं. ती नळी हीटरची. इंजिनाची गरम हवा ती आत, बसणाऱ्यांच्या पायांशी आणते. हे मला तेव्हा कुठे ठाऊक? जन्म गेला छपरावरच्या वाऱ्यात. दादाचाही तिथेच गेलेला.

पुढे विमान उड्डाणाच्या मैदानावर नेलं. तिथल्या विमानं ठेवायच्या पत्र्याच्या हँगरसमोर पहिली चाचणी झाली. बारकी विमानात, दादा हातातला रेडिओ घेऊन पार कुंपणापाशी.

"दादा, ऐकू येतंय का?"

"खणखणीत!" दादा ओरडला. तो इतक्या जोरात ओरडला की रेडिओशिवायही ऐकू आलं असतं. मग त्याने डोळे पुसले. मीही पुसले असते, हात असते तर.

रविवारी बारकी पहिल्यांदा उडणार असं ठरलं. एकटीच. त्याआधी गुरुवारी सकाळी तिने इंजिन बराच वेळ चालवून बघायचं ठरवलं. थंडी होती, म्हणून हीटर लावला. दहा मिनिटं बरी गेली. मग मला गरम होऊ लागलं. आणखी दहा मिनिटांनी त्या मोडलेल्या कोपऱ्यावर माझा पांढरा थर मऊ पडला. अगदी लोण्यासारखा! आणि माझी मधली तार, जिने जन्मात जागा सोडली नव्हती, ती त्या मऊ थरातून हळूहळू सरकायला लागली. नको गं, नको, थांब तिथेच, असं मी ओरडत होते. ती जाऊन जाळीला टेकली.

सगळं गप्प झालं. बारकी आत बोलत होती, "दादा, तापमान ठीक आहे, ऐकतोयस ना?" तिचा शब्दही माझ्यातून पुढे जाईना. कुंपणाकडून दादा बोलत होता, तोही आत येईना. शेवटी तो हातवारे करत धावत आला, तेव्हा तिने इंजिन बंद केलं.

दादाने हातातल्या रेडिओकडे रागाने पाहिलं. "मेली याची बॅटरी! ऐनवेळी दगा देते." तो हँगरमध्ये जाऊन दुसरी बॅटरी घालून आला. तोवर मी गार झाले होते, थर आकसला होता आणि तार जाळीपासून केसभर सुटली होती. बारकी बोलली, आवाज खणखणीत गेला.

"बघ, म्हटलं नव्हतं? बॅटरीच," दादा हसून म्हणाला. बारकीही हसली. मला मात्र रविवार आठवला. या मैदानावर रविवारी दहा-बारा विमानं चढत-उतरत असतात. खालून रेडिओवर सांगतात तेव्हा प्रत्येकाला कळतं की आपल्या वाटेत कोण आहे. आणि त्या गर्दीत बारकी वर असताना मी पुन्हा तापणार, पुन्हा गप्प होणार! मला सगळं ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज वाहिले, आणि स्वतःचे दोन शब्द बोलायची वेळ आली तर ही गत!

शुक्रवारी दुपारी हँगरचं दार उघडलं. दादा एकटाच आला. हातात मीटर आणि चक्क बारकीच्या घरचा हेअर ड्रायर! तिचा नवरा त्याच्या मागोमाग दारापर्यंत आला होता. "दादा, तुमच्या डोक्यावर वाळवायला काही उरलंय का?" असं त्याने विचारलं. दादा हसला नाही. तेव्हा तो शाळेत निघून गेला.

दादाने माझी दोन्ही टोकं सोडवली. मीटरची एक पिन मधल्या तारेला लावली, दुसरी जाळीला. मीटर गप्प. बरोबर आहे, गप्पच असायला हवं; तार जाळीला शिवली तरच ते ओरडतं. मग त्याने हेअर ड्रायर त्या कोपऱ्यावर धरला. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. आणि मीटर किंचाळलं. टूंऽऽ!

दादाच्या हातातून ड्रायर खाली पडला. त्याने मला विमानातून ओढून बाहेर काढलं आणि धारदार पात्याने त्या कोपऱ्यावर उभी चीर दिली. मी माझं पोट पहिल्यांदा पाहिलं. हाय रे! पांढऱ्या थराच्या मधोमध असायची ती तार एका कडेला जाऊन चिकटली होती. दादा बघतच राहिला.

दुपारचे रोगी आटोपून बारकी दवाखान्यातून तशीच आली. तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेला. तिने जमिनीवर पडलेल्या मला पाहिलं आणि मग दादाकडे पाहिलं.

"बॅटरी भरलेली होती गं," दादा म्हणाला. "काल घरी जाऊन चार्जरला लावली, तर लगेच हिरवा दिवा. पूर्ण भरलेली. रेडिओ बॅटरीने गप्प झालाच नव्हता. तेव्हा गरम नळीला बांधलेली केबल आठवली. बारके, मी तुला... परवा मी तुला वर पाठवलं असतं आणि..."

बारकी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. ती पायातल्या चपलेकडे बघत होती. "दादा, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ही जात उष्णतेत टिकत नाही, हे. तीच तपकिरी घ्या, असं पुस्तकात ठळक लिहिलंय. म्हणूनच आणली होती. पण तू ही घेऊन आलास, आणि इतका खूश होतास रे... मग काट्यावर हिचं वजन कमी भरलं. मी स्वतःला सांगितलं, वजनासाठी घेतेय. मनात म्हटलं, एवढ्यातेवढ्याने काय होतंय."

मित्रांनो, मीटर किंचाळलं तेव्हा मला धक्का बसला होता, पण हे ऐकून माझी दातखीळच बसली. म्हणजे मला कोणी निवडलंच नव्हतं! माझे गुण नव्हेत, माझं वादळ नव्हे. एका म्हाताऱ्याचं मन मोडू नये, एवढ्यासाठी मी त्या विमानात गेले होते.

आणि दादा? तो ताडकन उठला. मी त्याला बोटवाल्यांवर ओरडताना ऐकलं आहे, पण असं कधीच नाही.

"माझं तोंड बघून विमान बांधत होतीस? रोग्याच्या दाढेत कीड दिसली तर सांगतेस की नाही? का त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतेस? भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे तर जिवावरच उठली होती ती! मला म्हणायचं, दादा, तुला यातलं कळत नाही. मी रुसलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. मग?"

"तू रुसलास तर मला जेवण जात नाही," बारकी रडत म्हणाली. पन्नाशीची बाई, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, लहान मुलीसारखी हमसून रडली.

दादा पाय आपटत बाहेर निघून गेला. तिने थर्मासमधला चहा ओतून ठेवला, तो तसाच गार झाला. मला वाटलं, संपलं. भावाबहिणीतही मीच फूट पाडली. अर्ध्या तासाने दादा परत आला, गार चहा एका घोटात प्यायला आणि म्हणाला, "त्या पुस्तकात आणखी काय लिहिलंय? सगळं सांग. काही राखून ठेवू नकोस."

"जाळून बघा, असंही लिहिलंय."

त्यांनी हँगरबाहेर मोकळ्यावर जाऊन माझं टोक आणि खोक्यातल्या तपकिरी केबलचं टोक, दोन्हींना लायटर लावला. तपकिरी जरा काळवंडली, बस्स. मी मात्र भडकले. माझा झगा टपटप वितळू लागला, आणि असा काळाकुट्ट धूर निघाला की उघड्या हवेतही दोघं खोकून खोकून बेजार झाली. तो धूर माझा होता! त्या बंद, एवढ्याशा जागेत बारकी बसली असती आणि काही पेटलं असतं, तर मी तिचा श्वास कोंडला असता. सहा माणसांना वाचवलं म्हणून मिरवणारी मी! माझ्या पोटात काय भरलं आहे ते मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत दादाने तपकिरी केबल बसवली. हीटरच्या नळीपासून हातभर लांबून आणि कुठेही न मोडता, ऐसपैस वळण देऊन. प्रत्येक वळणाला तो विचारायचा, "हे बरोबर आहे? खरं सांग." आणि बारकी दोनदा "नाही" म्हणाली. दोनदा त्याने सोडून पुन्हा बांधलं, कुरकुरत का होईना.

"हिला परत खिळ्यावर लावूया ना?" बारकीने माझ्याकडे बघून विचारलं.

"नको. उद्या कोणीतरी चांगली दिसतेय म्हणून उचलेल आणि लावेल कुठेतरी," दादा म्हणाला. त्याने पक्कड घेतली आणि माझे वीतवीतभर तुकडे केले. माझं म्हणाल तर, उभ्या आयुष्यात माझी एवढी काळजी कोणी घेतली नव्हती. चीर दिलेला एक तुकडा त्याने खिशात ठेवला. तोच तुमच्याशी बोलतो आहे.

रविवारी मी त्या खिशात होते. बारकी वर गेली. पंधरा मिनिटं झाल्यावर दादाने रेडिओवर विचारलं, "हीटर चालू आहे ना? चालूच ठेव." "चालू आहे," बारकी म्हणाली, "आणि पाय भाजतायत." आवाज स्वच्छ येत होता, तोरेवालीतून. मला जळफळाट झाला का? झाला, खोटं कशाला बोलू? पण बारकीचा आवाज थांबला नाही, शेवटपर्यंत.

आता मैदानावर विमान बांधणारं कोणी आलं की दादा मला खिशातून काढतो. माझं फाटलेलं पोट दाखवतो आणि म्हणतो, "ही माझी केबल. मीच दिली होती. माझ्या बहिणीला." समोरच्याचा चेहरा पांढराफटक पडतो. दादाचाही पडतो, दर वेळी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळे सांगतात. मीही तेच सांगणार होते, अकरा वर्षं खिळ्यावर बसून पाठ केलं होतं. पण आता हात जोडून वेगळं मागते. आम्हाला जपा, पण आधी तपासा. आमच्या जुन्या पराक्रमावर जाऊ नका. आणि आम्ही नापास झालो, तर ज्याने प्रेमाने आणून दिलं त्याच्या तोंडावर सांगा. तो रुसेल, चिडेल, चहा न पिता उठून जाईल. जाऊ द्या. तो परत येतो.